जिंजरब्रेडचं घर आणि लहान मुलं

आज जिंजरब्रेडचं, म्हणजे आल्याच्या बिस्किटांचं, घर उभं राहिलं आणि शेवटपर्यंत टिकलंही. कारण एकच: भिंती आणि छप्पर काल रात्रीच जोडून ठेवले होते. मुलांच्या वाट्याला फक्त सजावट. पाच वर्षांचं मूल आयसिंग (तुकडे जोडणारं साखरेचं घट्ट मिश्रण) सुकायची वाट बघेल, ही अपेक्षाच चुकीची.

घर कोसळतं ते बहुतेक वेळा पातळ आयसिंगमुळे. एका अंड्याच्या पांढऱ्या भागाला साधारण २०० ते २५० ग्रॅम आयसिंग शुगर लागते. चमचा उचलल्यावर टोक ताठ उभं राहिलं पाहिजे. वाकलं तर आणखी साखर. लहान मुलं खाणार असतील तर कच्च्या अंड्याऐवजी मेरिंग पावडर (अंड्याच्या पांढऱ्या भागाची वाळवलेली भुकटी) बरी. वाडग्यावर ओलं फडकं हवंच, नाहीतर वर पापडी धरते आणि पायपिंग बॅगचं (आयसिंग पिळायच्या पिशवीचं) तोंड तुंबतं.

पीठ ५-६ मिमी जाड, बेकिंग पेपरवरच लाटून तिथेच कापायचं. उचलून ठेवायला गेलात की भिंत तिरकी झालीच. सोडा घालू नका, तुकडे फुगतात आणि कडा जुळत नाहीत. भाजून निघाल्या निघाल्या, गरम असतानाच, कडा सुरीने सरळ करा. गार झाल्यावर तुटतात.

भिंती किमान दोन तास सुकल्यावरच छप्पर. तोवर आतून-बाहेरून डब्यांचा टेकू.

जड जेली गोळ्या छपरावरून घसरतात, त्या अंगणात लावायला द्या. चार वर्षांखालच्यांना गोल, कडक गोळ्या नकोच, घशात अडकतात.

आणि हो, प्रत्येकाला वेगळी वाटी. एकाच वाटीत चार हात गेले की भांडण ठरलेलं!