विटेवरचा 'ट'

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या शाळेत मराठी शिकवू लागले तेव्हापासून एक प्रश्न पाठीशी आहे : "काय ओ बाई, अक्षरं मोजून कविता कळते काय?" आता तुम्हीही विचारलेत, म्हणून एका ओळीपुरते उत्तर देते.

तुकोबांची सर्वांना पाठ असलेली ओळ घ्या : 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया'. हा 'मोठा अभंग' नावाचा छंद. त्याच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. लघु-गुरूंचा, म्हणजे आखूड-लांब उच्चाराच्या अक्षरांचा, हिशेब येथे नाही. तो मनाच्या श्लोकांच्या भुजंगप्रयात वृत्तात करावा. मुले 'ध्या'ची दोन अक्षरे धरतात, पण जोडाक्षर एकच मोजायचे. उलट बोलताना 'ध्यान'मधला 'न' आपण पाय मोडून उच्चारतो. टाळ हाती आला की तोच पुरा उमटतो आणि सहावे अक्षर भरते. पंढरीच्या दिंडीत चाललेल्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

चौथ्या चरणात सहाची सवय झालेल्या कानाला दोन अक्षरे कमी पडतात आणि व्याकरणही तेथेच अडते. ठेवून, मग पुढे काय? पुढे काहीच घडत नाही. साऱ्या ओळीत मुख्य क्रियापद नाही, देव नुसता उभा आहे.

यमकाविषयी मात्र माझी तक्रार होती. 'वरी' हा एकच शब्द दोनदा आणून जुळवलेले यमक मी विद्यार्थ्याच्या वहीत खोडले असते. कन्नड शिकवणाऱ्या एका सहकारी बाईंनी ती मोडून काढली. जुन्या कन्नड पद्यात प्रास ओळीच्या आरंभी असतो, म्हणजे प्रत्येक ओळीतले दुसरे व्यंजन एकच. 'विटेवरी, कटावरी' ऐकताच त्या म्हणाल्या, "हा आमचा प्रास की ओ!" दोन्ही शब्दांत दुसरे व्यंजन 'ट', त्याआधीचे अक्षर दोन्हीकडे लघु. तुकोबांनी तो कानडीतून उचलला असे मी म्हणणार नाही, पण आमच्या सीमेवरच्या कानाला तो लवकर सापडला, एवढे खरे.

अर्थ क्षणभर बाजूला ठेवून 'कर मांडीवरी' असे मोठ्याने म्हणून पाहा. अक्षरे सहाच आहेत आणि 'वरी'चे यमकही शाबूत आहे. फक्त विटेवर आपटून कटीवर उमटणारा तो 'ट' गेला.