जळकी काडी उपटू नका

मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला कोवळं पान फुटावं म्हणूनही आग लावतात, आणि इंदूरजवळच्या महू-चोरलच्या उतारांवरचं वाळलेलं कुसळी गवत बघता बघता पेट घेतं. मध्य प्रदेशात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम. त्यात साग, पळस, तेंदूची गुडघाभर रोपं जळून काळ्या काड्या होतात. जुलैत इंदूरहून झाडं लावायला जाणारे आपण त्या काड्या मेल्या समजून उपटतो आणि तिथेच पिशवीतलं रोप लावतो. कृपा करून असं करू नका.

गवताची आग उंच भडकते, पण चटकन पुढे सरकते. माती उष्णता फार हळू आत नेते, त्यामुळे चार बोटं खाली धग जेमतेम पोचते. वरचं खोड मरतं. मूळ, त्यातला पिष्टाचा साठा आणि बुंध्याजवळचे सुप्त डोळे (न फुटलेले कोंब) वाचतात. पहिल्या वर्षीचं रोप मात्र बहुधा जातं, कारण पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत त्याच्या मुळात पुरेसा साठाच झालेला नसतो.

जमिनीलगतची माती थोडी बाजूला करून नखाने साल खरवडा. आत ओलसर, हिरवट-पांढरं दिसलं तर रोप जिवंत आहे. तपकिरी, कोरडं असलं तरी पावसाळाभर थांबा, फुटवा आणखी खालूनही येतो. चार-पाच फुटवे आले आणि वीतभर झाले की सर्वांत जोमदार एक ठेवून बाकीचे कापा.

दरवर्षी आग लागली तर रोप वर्षानुवर्षं गुडघ्याएवढंच राहतं. शेंडा ज्वाळांच्या वर जाईपर्यंत आणि साल जाड होईपर्यंत सलग काही वर्षं आग टळायला हवी. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोपाभोवती मीटरभर त्रिज्येचं आळं साफ करा आणि कापलेलं गवत आळ्याबाहेर टाका. आच्छादन म्हणून बुंध्याशी ठेवलेलं गवत बराच वेळ धुमसतं, आणि अशी रेंगाळणारी धगच बुंध्याचे डोळे मारते.

नवं रोप घेताना उंचीवर जाऊ नका. पिशवीत गोल गुंडाळलेलं मूळ खोल जात नाही, मग आगीनंतर फुटायला बळ कुठलं? सागाचे तर स्टंपच, म्हणजे वरून-खालून छाटलेली रोपंच, लावावेत: अंगठ्याएवढे जाड, वर इंचभर खोड, खाली वीतभर मूळ. पहिला चांगला पाऊस झाल्यावर पहारीने भोक पाडून स्टंप उभा बसवा आणि माती घट्ट दाबा. आत पोकळी राहिली तर मूळ सुकतं.