आज हे, हे नाहीत

शनिवार, रात्र. मुलुंड.

बाबांच्या रक्तातलं सोडियम १२१ आलं. असायला हवं १३५ ते १४५. बीपीच्या गोळीत पाणी काढून टाकणारं औषध असतं, त्यानं वयस्कर माणसांचं सोडियम असं उतरू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. अजून उतरलं असतं तर झटके येण्याची भीती होती. आता आयसीयूत आहेत, सलाईन चालू आहे. सावकाशच वाढवायचं असतं म्हणे, घाई केली तर मेंदूलाच इजा होते. नवरा तिथे थांबलाय. आई आत पडल्यात, झोपल्यात की नाही देव जाणे. मला तर झोप नाहीच, म्हणून वही काढली.

दवाखान्यात न्यायचं हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. दुपारची जेवणं झाली आणि सासूबाई येऊन म्हणाल्या, "ह्यांना डॉक्टरकडे न्या." ताप नाही, कुठे दुखत नाही, घरच्या मशीनवर बीपी व्यवस्थित. नवरा वैतागून म्हणाला, "आई, पण झालंय काय?"

"मला काय माहीत? आज हे, हे नाहीत."

एवढंच. बाबा स्वतः म्हणत होते, मला काही झालेलं नाही. पण आई पदर खोचून दारात उभ्या राहिल्या आणि रिक्षा आणेपर्यंत हलल्या नाहीत.

हॉस्पिटलच्या बाकावर मी विचारलं, तुम्हाला कळलं कसं? म्हणाल्या, देवानं सुचवलं. मग बराच वेळ गप्प. मग एकेक निघायला लागलं. कालपासून चहा अर्धाच टाकतायत. पेपरातलं शब्दकोडं कोरंच राहिलं. सकाळी चप्पल उलटसुलट घातली. आणि "मला 'अगं' म्हणायच्या ऐवजी नावानं हाक मारली गं." हे सांगताना मात्र त्यांचा आवाज हलला. पन्नासेक वर्षांच्या संसारात नावानं हाक नाही, आणि आज एकदम. यातलं काहीही दुपारी त्यांना शब्दांत सांगता आलं नसतं. दुपारी फक्त जिवाला घोर लागला होता.

गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं अग्निशामक दलातल्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला होता. त्यातला एक किस्सा मला फार आवडतो. एका घरात आग लागलेली, जवान आत शिरून पाणी मारतायत, आग काही दबत नाही. त्यांच्या अधिकाऱ्याला काहीतरी खटकलं आणि त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं. थोड्याच वेळात ते उभे होते ती जमीनच खचली. खरी आग खाली तळघरात होती. अधिकारी म्हणत राहिला की मला अतींद्रिय शक्ती आहे. खोदून खोदून विचारल्यावर लक्षात आलं की खोली आगीच्या मानानं फारच तापली होती आणि आवाज फारच कमी होता. त्याच्या अंगाला ते आधी कळलं, डोक्याला नंतर. आमच्या आईंनी आयुष्यात आगीचा बंब जवळून पाहिला नसेल, पण बाबांच्या बाबतीत त्या त्याच दर्जाच्या अधिकारी आहेत.

याच क्लाइनचं आणि डॅनियल काहनमन यांचं आधी पटत नसे. काहनमन यांना २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, माणूस निर्णय घेताना कसा फसतो यावरच्या कामासाठी. २००९ मध्ये दोघांनी मिळून लिहिलं की आतून वाटण्यावर भरवसा ठेवायला दोन गोष्टी लागतात. जिथे गोष्टी काही एका धरबंदानं घडतात असं क्षेत्र हवं, आणि आपलं वाटणं बरोबर ठरलं की चुकलं ते पुन्हा पुन्हा कळायला हवं. बाबांचा चहा या कसोटीला उतरतो. पाऊस उतरत नाही.

पावसाचं लिहायलाच हवं, कारण उद्या नातेवाईक जमले की २६ जुलै निघणारच. २००५ सालचा तो मंगळवार. तेव्हा हे लोक गिरगावात राहायचे. आई सकाळी नवऱ्याला म्हणाल्या, आज नको जाऊस ऑफिसला, आणि तो आळसानं थांबला. त्याच्या अंधेरीच्या ऑफिसातले लोक रात्रभर कमरेएवढ्या पाण्यातून चालले. अंधेरीच्या बाजूला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि त्याच दिवशी गिरगावच्या बाजूला कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणजे गिरगावच्या गॅलरीतून आईंना दिसण्यासारखं काही नव्हतंच. घरात हा चमत्कार म्हणून सांगितला जातो. पण दर पावसाळ्यात, आभाळ जरा भरलं की, आई "आज नको जाऊस" म्हणतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यातला एक दिवस लक्षात राहिला, बाकीचे वाहून गेले.

आणि काका. नवऱ्याचे मोठे काका. त्यांनाही आतून फार वाटतं. नणंदेचं एक चांगलं स्थळ त्यांनी "मला मुलगा बरा वाटला नाही" एवढ्यावर मोडलं. खालच्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटला भाडेकरू आले, तेव्हाही "मला काही ठीक वाटत नाही." काकांचा आतला आवाज आडनाव ऐकल्याशिवाय बोलत नाही, हे घरात सगळ्यांना दिसतं, म्हणत कुणी नाही. त्यांचं वाटणं म्हणजे अनुभव आणि आईंचं म्हणजे संशयी स्वभाव, अशी आमच्याकडे जुनी वाटणी आहे.

बाकावर बसून माझ्या डोक्यात हेच घोळत होतं. खरं-खोटं आधी कळत नाहीच. मग एवढं तरी बघावं की हे वाटणं चुकलं तर भुर्दंड कुणाला? आईंचं चुकलं असतं तर रिक्षाचं भाडं, तपासणीची फी आणि नवऱ्याची कुरकुर. काकांचं चुकतं तेव्हा काकांना काहीच भरावं लागत नाही. भरतो तो दारातून परत गेलेला माणूस.

माझी लेक सातवीत आहे. या आठवड्यात गणिताच्या क्लासला जायच्या वेळी रोज पोट दुखतंय. आज घरात एवढा गोंधळ, तरी संध्याकाळी तिनं हळूच विचारलं, "सोमवारी जायचंच का?" मी जवळ घेऊन विचारलं, कुणी ओरडलं? काही झालं? कुणी काही बोललं? "नाही गं. मला तिथे नको वाटतं." कारण काही सांगता येईना. मी जास्त उकरलं नाही. म्हटलं, आठवलं तर कधीही सांग, अर्ध्या रात्रीसुद्धा.

आत्ता नवऱ्याला मेसेज केला की तिचा क्लास बंद करतेय. त्याचं उत्तर आलं, "वर्षाची फी भरलीय." मग दोन मिनिटांनी, "बाबांचं १२४ झालं. बंद कर."

सोमवारी क्लासवर मी एकटीच जाईन, तिची वह्या-पुस्तकं आणायला. जरा बसेन तिथे. कोण कोण असतं, कसं बोलतात, बघून येईन.