तीनाचा आठ

"सर, तुमच्या गाडीचे सहा आकडे कुठे गेले?"

खिडकीपलीकडच्या बाईंनी अगदी शांतपणे विचारलं. त्यांच्या कॉम्प्युटरवर चेसिस नंबरासाठी सतरा घरं होती आणि माझ्या कागदावर अकराच अक्षरं. कुठेही गेले नाहीत हो, ते मुळात नव्हतेच. सतरा अक्षरी नंबर १९८१च्या मॉडेलपासून आला. माझी गाडी १९६९ची. हे वाक्य मी अमेरिकेतल्या त्या गाडी-नोंदणी ऑफिसात किती वेळा म्हटलं असेल त्याचा हिशोब नाही. ऑफिसचं नाव सोडा, राज्यही सांगत नाही. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला तिथेच जायचंय.

गाडी म्हणजे फोर्ड मस्टँग मॅक वन. शेजारच्या राज्यातल्या एका माणसाकडून घेतली. त्याचं म्हणणं, हिचं इंजिन नुसतं ४२८ कोब्रा जेट नाही, 'सुपर' कोब्रा जेट आहे, ड्रॅग पॅकवालं. किंमतही त्याने त्याच हिशोबाने लावली. आता गंमत अशी की चेसिस नंबरात हा फरक दिसतच नाही. नंबर '९ एफ ०२ आर' असा सुरू होतो. ९ म्हणजे १९६९, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०२ म्हणजे मागे उतरत्या छपराची बॉडी आणि आर म्हणजे रॅम एअरवालं, बोनेटमधून थेट हवा ओढणारं, ४२८ कोब्रा जेट. साधं असो की सुपर, अक्षर आरच. फरक मागच्या अ‍ॅक्सलवरून ठरतो. ज्याने नवी गाडी मागवताना ३.९१ किंवा ४.३० चं गिअर गुणोत्तर निवडलं त्याला ड्रॅग पॅक मिळालं, म्हणजे आतले कनेक्टिंग रॉड जास्त दणकट आणि पुढे ऑइल कूलर.

अ‍ॅक्सलचं अक्षर ड्रायव्हरच्या दारावर रिव्हेट मारलेल्या पट्टीवर असतं. माझ्या पट्टीवर होतं व्ही, म्हणजे ३.९१ ट्रॅक्शन-लॉक (एक चाक घसरलं तरी दुसऱ्यालाही जोर देणारा). झालं की मग! पण पट्टी जरा जास्तच चकाकत होती. पंचावन्न वर्षांचं दार, कडेने गंज धरलेला, आणि त्यावर कालच्या स्टीलच्या डब्यासारखी पट्टी. अशा पट्ट्या नव्याने छापून मिळतात. ज्याला जे हवं ते अक्षर.

म्हणून कारखान्याची मूळ नोंद काढायची ठरवली. फोर्डवाले या बाबतीत नशीबवान. १९६७ पासूनच्या गाड्यांचा उत्पादनाचा डेटा फोर्डने अ‍ॅरिझोनातल्या केव्हिन मार्टी यांच्या कंपनीला दिला आहे. चेसिस नंबर द्या, पैसे भरा, 'मार्टी रिपोर्ट' घरी येतो. स्टँडर्ड, डिलक्स आणि एलिट असे तीन प्रकार. मी डिलक्स मागवला, कारण त्यात मूळ पट्टीवर काय होतं ते, डीलरचं नाव आणि ऑर्डरपासून विक्रीपर्यंतच्या तारखा येतात. (एलिटमध्ये तुमच्यासारख्या किती गाड्या निघाल्या तेही कळतं. भिंतीवर लावायचं असेल तर तो घ्या.) ६५-६६ची मस्टँग असेल तर या वाटेला जाऊच नका, त्या वर्षांचा डेटा नाही.

फॉर्म भरायला पाच मिनिटं लागली. उत्तर आलं: हा नंबर नोंदीशी जुळत नाही.

छातीत धस्स झालं. पहिला विचार, गाडी चोरीची आहे. दुसरा, बायकोला काय सांगू. रात्री गॅरेजात टॉर्च घेऊन बसलो. विंडशील्डच्या आत डॅशवर ड्रायव्हरच्या बाजूला नंबराची छोटी पट्टी असते, ती पूर्वीच्या कुणीतरी रंगवताना रंगात बुडवलेली. पण फोर्डने हाच नंबर पुढच्या फेंडरखालच्या पत्र्यावर ठोकलेलाही असतो. फेंडरचे बोल्ट सैल करायला रविवारची अख्खी सकाळ गेली. आकडे गंजाने भरलेले, बोटाला लागतात पण डोळ्याला दिसत नाहीत. मग लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो तसं केलं. एकेक आकडा उमटत गेला आणि शेवटून दुसरा आला तीन. टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, तिथे आठ होता.

म्हणजे कधीतरी कुणा कारकुनाने तीनाचा आठ केला आणि तो आठ दोन राज्यांच्या कागदांवर, चार मालकांच्या नावांवर, आरामात फिरत राहिला. कुणी गाडीकडे पाहिलंच नाही. मीही नाही. पैसे देताना मी इंजिनाचा आवाज ऐकत होतो.

रिपोर्ट तीन घालून लगेच मागवता आला असता. पण टायटलवरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर वेगळे असणं म्हणजे उद्या गाडी विकताना, विम्याचा दावा करताना, कुठेही गळ्याशी येणारी गोष्ट. म्हटलं आधी कागद सरळ करू. इथून अकरा आठवडे.

पहिल्या फेरीत कळलं की पोलिसाची तपासणी लागते. तो पोलीस अधिकारी मात्र देवमाणूस. पाच मिनिटांचं काम, पण अर्धा तास गाडीभोवती फिरला आणि मला बोनेट दोनदा उघडायला लावलं. फॉर्मवर सही केली, नंबर त्याने स्वतःच्या हाताने उतरवला.

दुसऱ्या फेरीत सतरा घरं. बाई म्हणाल्या, पुढे शून्यं भरून बघू. भरली. कॉम्प्युटरने नंबर अवैध ठरवला. मग मागे शून्यं. पुन्हा अवैध. मी म्हटलं, जुन्या टायटलवर अकराच अक्षरं आहेत ना, ती कुणीतरी घातलीच असतील की! बाई म्हणाल्या, "ते टायटल चुकीचं आहे म्हणूनच तुम्ही आलात ना?" यावर उत्तर नव्हतं.

तिसऱ्या फेरीत माझ्यापुढे एक तोडगा ठेवला. ऐकून अंगावर काटा आला. राज्य गाडीला नवीन नंबर देईल, सतरा अक्षरी, आणि तो स्टिकर दारावर लावेल. सगळे प्रश्न मिटले! मी खुर्चीवरून उठलोच. नवा नंबर लागला की कारखान्याच्या नोंदीत ही गाडी कधी बनलीच नाही. मूळ नंबर हीच तिची जन्मपत्रिका. अशी वेळ आली तर कृपा करून सही करू नका, कितीही सोपं वाटलं तरी. मी नकार लेखी दिला आणि त्यावर पोचशिक्का मागितला. पोचशिक्का हा प्रकार इथल्या बाईंना माहीत नव्हता. आपल्याकडचा तालुका ऑफिसचा अनुभव असा सातासमुद्रापार वाया जातो.

मग पाच आठवडे 'वरून' उत्तर यायचं होतं. फोन केला की गाणं वाजायचं. ते गाणं मला पाठ आहे.

चौथ्या वेळी नेहमीच्या बाई सुट्टीवर होत्या. शेजारच्या खिडकीवर निवृत्तीला आलेला एक माणूस. त्याने कागद पाहिले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "एक्याऐंशीच्या आधीची?" त्याने स्क्रीनवर एका चौकोनात टिक केली. सतरा घरांची अट गेली. अकरा अक्षरं भरली, प्रिंट काढली. चार मिनिटं. मी आनंदाने त्याचा हात इतका वेळ हलवत राहिलो की मागचा माणूस खाकरला.

म्हणून सांगतो, ऑफिसात गेल्यावर पहिलं वाक्य 'नंबर दुरुस्त करायचाय' हे नको. 'एक्याऐंशीच्या आधीची गाडी आहे' हे म्हणा.

आणखी एक, जे मला आधी कळायला हवं होतं. सुपर कोब्रा जेट ओळखायला कागदच लागतो असं नाही. इंजिनापुढच्या डॅम्परमागे (कंप शोषणाऱ्या चाकामागे) कुऱ्हाडीच्या पात्यासारखं एक वजन असतं. खाली वाकून बघायचं. माझ्या गाडीला ते नाही.

होय, रिपोर्ट आला. तीन घालून. मूळ अ‍ॅक्सल एस, म्हणजे ३.५० ट्रॅक्शन-लॉक. ड्रॅग पॅक नाही. ऑइल कूलर नंतर कुणीतरी बसवलेला, पट्टी छापून घेतलेली. मागची दोन्ही चाकं उचलून त्यांना एक पूर्ण फेरा दिला आणि प्रोपेलर शाफ्ट किती फिरतो ते खडूची खूण करून मोजलं, तर जवळपास चार, साडेतीन नव्हे. अ‍ॅक्सलसुद्धा बदललेला! फसवणाऱ्याने मेहनत घेतली होती, हे मान्य करायला हवं. ते एक वजन सोडलं तर धातू सगळा एका सुरात खोटं बोलत होता.

माझा एक ठाणेकर मित्र आहे, त्याच्याकडे १९६९ची शेवरोले कॅमॅरो. तो हसला नाही, कारण त्याचं दुखणं मोठं. अमेरिकेत विकलेल्या शेवरोलेंच्या अशा गाडीनिहाय नोंदी मिळत नाहीत, आणि त्याच्या नंबरावरून फक्त व्ही-८ आहे एवढंच कळतं, झेड/२८ हे खास मॉडेल आहे की नाही ते नाही. त्याने पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं त्याचा कारखान्यातला कागद) शोधायला टाकी उतरवली. उंदराचं घरटं निघालं. पाँटिअ‍ॅक असती तर पीएचएस या जुन्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडून मूळ बिलाची प्रत आली असती. क्रायस्लर गटाची असेल तर सीटच्या स्प्रिंगांत हात घालून बघा, कागद तिथेही सापडतात.

रिपोर्टात रंगही होता. माझी लालभडक गाडी कारखान्यातून लाइम गोल्ड रंगात बाहेर पडली होती. पटेना, म्हणून मागच्या सीटखालचा गालिचा उचलून नखाने खरवडलं. लालखाली करडा प्रायमर, त्याखाली तो सोनेरी हिरवा. बायकोला बोलावून दाखवला. ती वाकली, नीट पाहिलं आणि म्हणाली, "शेवाळ. लालच राहू दे."