बैठा भात, वेळलेला भात आणि बुडाची खरपुडी

गेल्या डिसेंबरात नणंदेच्या सासरची मंडळी आमच्याकडे जेवायला येणार होती, आणि नागपूरला आलेल्या पाहुण्यांना गोळाभात खाऊ घातल्याशिवाय पाठवायचे नाही, हा आमच्या घरचा जुना हट्ट आहे. भरडलेल्या चणाडाळीत हळद, तिखट, मीठ, ओवा आणि कडकडीत तेलाचे मोहन घालून मी गोळे वळले, अर्धवट शिजलेल्या भातावर मांडले आणि वर झाकण ठेवले. वीस मिनिटांनी पाहते तो गोळे भातात रुतलेले आणि सगळ्या पातेल्याचाच एक मोठा गिचगोळा झालेला. पाणी नेहमीच्याच मापाने, म्हणजे वाटीला अडीच वाट्या घातले होते, त्यामुळे चूक कुठे झाली ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी इतवारीतल्या दुकानदाराकडे तक्रार घेऊन गेले. त्याने चार दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली धरला आणि म्हणाला, "ताई, हा नवा तांदूळ हाये. याले पाणी कमी लागते, अन् गोळाभाताले तर हा घ्यायचाच नाही." भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडचे धान दिवाळीच्या आगेमागे निघते, आणि त्याचा तांदूळ डिसेंबरात बाजारात असतो. अशा नव्या दाण्यात ओलावा जास्त असतो, शिजताना तो लवकर फुटतो आणि त्यातला स्टार्च पाण्यात उतरून दाण्याला दाणा चिकटतो. वर्षभर मुरलेला दाणा मात्र कडक होतो, पाणी जास्त पितो आणि तरीही मोकळा राहतो. मी घेतला होता तो एचएमटी होता, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून वाढवलेला वाण, ज्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव मिळाले. वाणात काहीच खोट नव्हती. त्याचे वय विचारायचे माझ्याकडून राहून गेले होते.

तीस वर्षे कुकरच्या शिट्ट्या मोजून भात केलेल्या बाईला हे तळहातावरून कळावे, याची मला थोडी लाज वाटली, म्हणून त्या हिवाळ्यात मी कुकर बाजूला ठेवला आणि निरनिराळ्या देशांतले लोक भात कसा शिजवतात ते एकेक करून पाहायचे ठरवले. गंमत अशी की मूळ रीती दोनच निघाल्या, आणि दोन्हींना माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात नावे होती. मोजक्या पाण्यात सगळे पाणी जिरवून केला तो बैठा भात. भरपूर पाण्याला आधण आणून त्यात तांदूळ वैरला आणि पेज वेळून काढली तो वेळलेला भात.

इराणी चेलो हा वेळलेल्या भाताचाच नातलग आहे. जुना बासमती मिठाच्या पाण्यात दोन तास भिजवायचा, उकळत्या पाण्यात दाणा दाबल्यावर मधोमध पांढरा कण लागेल इतपतच शिजवायचा, चाळणीवर ओतायचा, मग पातेल्याच्या बुडाशी तूप घालून त्यावर भाताचा ढीग रचायचा आणि झाकणाला फडके गुंडाळून अगदी मंद आचेवर पाऊण तास ठेवायचा. फडक्याचे कारण मला पहिल्या खेपेला कळले नव्हते. ते न बांधल्यामुळे झाकणावर जमलेली वाफ थेंबाथेंबाने परत भातावर पडली आणि वरचा थर ओलसर झाला. दुसऱ्या खेपेला भात मोकळा झाला आणि बुडाशी सोनेरी, कुरकुरीत थर आला, ज्याला ते तहदीग म्हणजे 'पातेल्याचे बूड' म्हणतात आणि पाहुण्यांना मानाने वाढतात. आमच्याकडे त्याच थराला खरपुडी म्हणतात आणि ती लागली की सासूबाई भांडे कोणी घासायचे ते विचारतात.

जपानी रीत बैठ्या भाताची आहे, पण तिथे कसोटी उलटी: दाणा आखूड हवा आणि घासाला एकमेकांना धरून राहायला हवा. बासमतीत अमायलोज हा स्टार्च साधारण २० ते २५ टक्के असतो, म्हणून तो मोकळा होतो. जपानी दाण्यात तो कमी असतो. महागड्या दुकानातून आणलेले एक पाकीट मी तीन-चार पाण्यांनी धुतले, अर्धा तास भिजवले आणि वाटीला जेमतेम सव्वा वाटी पाणी घातले. हात आखडता घेताना जीव धाकधूक करत होता. उकळी आल्यावर बारा मिनिटे मंद आच, आणि मग गॅस बंद करून दहा मिनिटे झाकण मुळीच उघडायचे नाही. ही शेवटची दहा मिनिटेच मला सगळ्यांत उपयोगी वाटली, कारण त्या वेळात तळची ओल वरपर्यंत सारखी पसरते. आता मी साधा वरण-भातही तसाच मुरवते.

इटालियन रिसोत्तोवर मी फार वेळ घालवला नाही. त्यात तांदूळ धुवायचाच नाही, कारण दाण्यावरचा स्टार्चच त्या पदार्थाला दाटपणा देतो, आणि गरम रस्सा पळी-पळीने घालत ढवळत राहायचे. चव चांगली होती, पण घरच्यांनी त्याला 'चीज घातलेले खिमट' म्हटले आणि मला वाद घालता आला नाही.

जानेवारीत त्याच मंडळींना पुन्हा बोलावले. या वेळी मागच्या वर्षीचा तांदूळ घेतला, आधणात वैरून पांढरा कण उरेपर्यंत शिजवला, पेज वेळून काढली, वर गोळे मांडले आणि झाकणाला फडके बांधून मंद आचेवर ठेवला. गोळे अखंड राहिले आणि कुस्करून वर मोहरी-हिंगाची गरम फोडणी ओतली तेव्हा ती दाण्यादाण्यातून खाली उतरली. उरलेला नवा तांदूळ मी डब्यावर महिना लिहून ठेवून दिला आहे. थायलंडचा चिकट तांदूळ मात्र अजून जमलेला नाही. तो रात्रभर भिजवून, पाण्यात न बुडवता, केवळ वाफेवर शिजवायचा असतो, आणि माझ्या मोदकपात्राच्या भोकांतून त्याचे निम्मे दाणे खाली पडतात.