अमेरिकेतलं माझं पहिलं चेकिंग अकाउंट आणि २१ डॉलरच्या खरेदीवर बसलेला १०५ डॉलरचा दंड

एमएससाठी अमेरिकेत आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच बँक अकाउंट उघडायचं होतं, कारण फॉरेक्स कार्डवर किती दिवस काढणार, आणि घरमालकाला तर भाडं चेकनेच हवं होतं. ओरिएंटेशनच्या दिवशी कॅम्पसवर एका बँकेने टेबल लावलेलं, विद्यार्थ्यांची रांग लागलेली, मीही उभी राहिले आणि वीस मिनिटांत अकाउंट उघडून बाहेर पडले. मोबाइल घेताना आपण चार दुकानं फिरतो, दहा जणांना विचारतो, आणि इथे वर्षभराची फी ज्या खात्यात ठेवायची त्याबद्दल मी एकही प्रश्न विचारला नाही. ही पोस्ट म्हणूनच लिहितेय, नवीन येणाऱ्यांनी तरी विचारावेत.

आधी कागदपत्रांचं सांगते, त्याचं टेन्शन सगळ्यांनाच असतं. माझ्याकडे पासपोर्ट, आय-२० (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म), युनिव्हर्सिटीचं पत्र आणि लीजची कॉपी होती, तेवढ्यावर काम झालं. एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर, इथला सरकारी ओळख क्रमांक) नव्हता, कारण तो कॅम्पसवर जॉब वगैरे मिळाल्यावरच काढता येतो. परदेशी माणसाचं खातं पासपोर्ट नंबरवर उघडायला कायद्याने हरकत नाही पण प्रत्येक बँकेचे आपले नियम असतात, आणि ऑनलाइन फॉर्म बऱ्याचदा एसएसएनशिवाय पुढेच सरकत नाही, त्यामुळे सरळ ब्रांचमध्ये जा. आणि एक, आपल्याकडे सगळं सेव्हिंग अकाउंटवरच चालतं, इथे तसं नाही, रोजच्या खर्चाचं खातं म्हणजे चेकिंग आणि बाजूला ठेवायच्या पैशांचं सेव्हिंग. चेकिंगवर व्याज जवळपास नसतंच. आयएफएससी ऐवजी इथे नऊ आकडी राउटिंग नंबर असतो, चेकच्या खाली डाव्या कोपऱ्यात.

फॉर्म भरताना त्या माणसाने विचारलेलं, ओव्हरड्राफ्ट कव्हरेज हवंय का, म्हणजे खात्यात पैसे कमी पडले तरी कार्ड नाकारलं जाणार नाही. मला वाटलं चांगलीच सोय आहे, परदेशात ऐनवेळी कार्ड बंद पडलं तर काय करणार, म्हणून हो म्हटलं. ती सोय फुकट नाही हे मला दोन महिन्यांनी कळलं.

झालं असं की मी भाड्याचा ६०० डॉलरचा चेक महिन्याच्या १ तारखेला घरमालकाला दिला आणि माझ्या डोक्यात ते भाडं तिथेच संपलं. आपल्याला यूपीआयची सवय, पैसे पाठवले की त्या क्षणी खात्यातून गेले. पण चेक समोरच्याने बँकेत भरेपर्यंत आपल्या खात्यातून काहीच जात नाही, आणि ते काका चेक दहा-बारा दिवस तसेच ठेवायचे. ॲपमध्ये ६४५ डॉलर दिसत होते, मी खूश, ४२ डॉलरचं सेकंडहँड पुस्तक घेतलं, राहिले ६०३. दुसऱ्या दिवशी त्यांनी चेक भरला, राहिले ३. मी ॲप बघितलंच नाही आणि त्यानंतर दोन दिवसांत ११, ४ आणि ६ डॉलरच्या तीन खरेद्या केल्या, दर वेळी कार्ड मस्त चाललं, आणि दर वेळी बँकेने ३५ डॉलर ओव्हरड्राफ्ट फी लावली. बॅलन्स उणे १२३! लॅबमध्ये बसून तो आकडा बघितला तेव्हा पोटात गोळा आला, कारण स्टायपेंड अजून दोन आठवडे लांब होता आणि घरी फोन करून बाबांकडे पैसे मागायची हिंमत नव्हती.

लॅबमधल्या एका सीनियर ताईने मला तेव्हाच्या तेव्हा बँकेत फोन लावायला लावला. ती म्हणाली, "भांडू नकोस गं, पण माझ्याकडून पहिल्यांदाच झालंय, फी परत करा असं स्पष्ट माग." मला तर असं काही मागता येतं हेच माहीत नव्हतं. अर्ध्या तासाने त्यांनी तीनपैकी दोन फी परत केल्या, तिसरीला नाही म्हणाले. म्हणजे ७० डॉलर आले. तुमच्यावर अशी वेळ आली तर त्याच दिवशी फोन करा.

मग मी बसून नियम वाचला. २०१० पासून इथे असा नियम आहे की एटीएम आणि डेबिट कार्डच्या एकेका खरेदीवर तुम्ही स्वतः होकार दिल्याशिवाय बँक ओव्हरड्राफ्ट फी लावू शकत नाही. होकार नसेल तर कार्ड फक्त नाकारलं जातं, काउंटरवर क्षणभर अवघडल्यासारखं होतं पण पैसे जात नाहीत. आणि दिलेला होकार कधीही काढून घेता येतो, मी त्याच फोनवर काढला. पण चेक आणि दर महिन्याला आपोआप कटणारी बिलं या नियमात येत नाहीत, तिथे होकार नसतानाही फी लागू शकते, म्हणून चेक दिला की मी आता ती रक्कम वहीत लिहून बॅलन्समधून मनानेच वजा करते. बॅलन्स १०० डॉलरच्या खाली गेला की मेसेज येईल असा अलर्टही लावलाय, तो फुकट असतो. (चेकवर तारीख लिहिताना महिना आधी लिहायचा, मी पहिला चेक आपल्या पद्धतीने लिहिला आणि तो फाडून दुसरा द्यावा लागला.)

दुसरा धक्का पंचविसाव्या वाढदिवसानंतर बसला. स्टुडंट अकाउंटला महिन्याची फी नव्हती, पण ती सवलत माझ्या बँकेत वय २४ पर्यंतच होती, तुम्ही विद्यार्थी असा किंवा नसा. पुढच्याच महिन्यात १२ डॉलर कटले. एमएसला येणारे आपण बरेच जण २३-२४ चे असतो, म्हणून "सवलत कधी संपते" हा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारा.

या वेळी मात्र मी नीट शोधून युनिव्हर्सिटीशी जोडलेल्या क्रेडिट युनियनमध्ये खातं उघडलं. क्रेडिट युनियन म्हणजे साधारण आपल्या पतसंस्थेसारखं, खातेदार हेच सभासद. पैसे बुडतील का ही भीती आईने लगेच बोलून दाखवली, तर बँकेतल्या ठेवींना जसा एफडीआयसी या सरकारी संस्थेचा २,५०,००० डॉलरपर्यंत विमा असतो तसाच सरकारी विम्याखालच्या क्रेडिट युनियनमध्ये एनसीयूए या दुसऱ्या सरकारी संस्थेचा तेवढाच असतो, फक्त पाटी बघून खात्री करायची. मला हवं होतं ते इतकंच: वयाची अट नसलेलं शून्य फीचं खातं, कॅम्पसवर एटीएम आणि फुकट चेकबुक. परक्या एटीएममधून पैसे काढले की मशीनवाला वेगळी फी घेतो आणि आपली बँकही वेगळी घेऊ शकते, त्यामुळे जवळचं एटीएम कुणाचं आहे हे खरंच महत्त्वाचं आहे.

फसवणुकीबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण माझी रूममेट थोडक्यात वाचली. तिला ईमेलवर पार्टटाइम जॉब मिळाला, त्यांनी चेक पाठवला आणि सांगितलं की खात्यात भर, तुझा पगार ठेव आणि उरलेले पाठव. चेक भरल्यावर पैसे दोन दिवसांत खात्यात दिसतात, पण म्हणून चेक खरा असतो असं नाही, तो कधीकधी आठवड्यांनंतरही परत येतो आणि सगळी रक्कम आपल्याकडून वसूल होते. झेलवरून (इथल्या बँकांच्या ॲपमधली यूपीआयसारखी सोय) पाठवलेले पैसेही लगेच पोचतात आणि सहसा परत येत नाहीत, त्यामुळे न बघितलेल्या खोलीचं डिपॉझिट झेलने कधीच देऊ नका. डेबिट कार्ड हरवलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत कळवा, तोवर आपली जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलर, उशीर केला तर ५०० पर्यंत आणि फारच उशीर झाला तर त्याहूनही जास्त जाऊ शकते.

जुनं खातं मी लगेच बंद केलं नाही. फोनचं बिल आणि स्टायपेंड नव्या खात्यावर वळवून दोन महिने थांबले, शेवटचा चेक वटला का बघितलं, कारण खातं उणे राहून बंद झालं तर त्याची नोंद चेक्ससिस्टम्समध्ये (बँका खातेदारांचा जुना इतिहास जिथे तपासतात ती कंपनी) पाच वर्षं राहू शकते आणि पुढची बँक तीच बघून नकार देते. मग सगळी स्टेटमेंट डाउनलोड केली, कारण खातं बंद झालं की लॉगिनही जातं, आणि ब्रांचमध्ये जाऊन खातं बंद झाल्याचं पत्र सहीशिक्क्यासकट घेऊन आले.