तुम्ही विचारलंत म्हणून: हे असले ब्लॉग मला सापडतात कुठे?

"गटाराच्या झाकणांचे फोटो काढत फिरणाऱ्या माणसाचा ब्लॉग तुला सापडलाच कसा? सर्चमध्ये टाकलंस तरी काय?" शब्द बदलून हा प्रश्न मला सारखा येतो. काहीच टाकलं नव्हतं हो. असं काही जगात आहे हेच ठाऊक नसेल, तर शोधणार काय, कपाळ?

मला ब्लॉग सापडतात ते दुसऱ्या ब्लॉगवरून. लेख आवडला की मी पानाच्या कडेला नजर टाकते. तिथे पुष्कळदा ब्लॉगरोल असतो, म्हणजे लिहिणाऱ्याच्या आवडत्या ब्लॉगांची यादी. कुणाच्या घरी गेल्यावर पुस्तकांच्या कपाटात डोकवावं, तसंच हे. झाकणवाल्याच्या यादीत जुने टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या एक बाई निघाल्या. बाईंच्या यादीत निव्वळ स्वल्पविरामावर लिहिणारा एक गृहस्थ. त्याच्यापुढे मी अजून गेलेले नाही, तिथेच अडकलेय.

पण ही मंडळी लहर लागेल तेव्हा लिहितात. आठ महिने चिडीचूप, मग एका आठवड्यात तीन लेख. रोज उठून कोण बघायला जाणार? म्हणून फीड. आरएसएस हा फीडचा जुना प्रकार 1999 पासून आहे, त्याचं धाकटं भावंड अ‍ॅटम 2005 मध्ये प्रमाण झालं. दोन्हींची युक्ती एकच: ब्लॉग आपल्या ताज्या लेखांची एक साधी एक्सएमएल फाइल (यंत्राला वाचता येईल अशी खुणा केलेली यादी) ठेवतो आणि आपला फीड रीडर, म्हणजे फीड वाचायचं अ‍ॅप, अधूनमधून ती उघडून बघतो, नवं काही आलंय का. ईमेल द्यायला नको, आणि काय दाखवायचं ते ठरवणारा अल्गोरिदमही मध्ये नाही.

1 जुलै 2013 ला गूगल रीडर हे गूगलचं फीड वाचायचं साधन बंद झालं तेव्हा पुष्कळांनी फीडचंच श्राद्ध घातलं. मी माझ्या फीडांची यादी ओपीएमएल फाइलमध्ये (एका रीडरमधून दुसऱ्यात यादी न्यायची फाइल) उतरवून घेतली, दुसऱ्या रीडरमध्ये चढवली आणि वाचत बसले. पॉडकास्ट आजही आरएसएसवरच चालतात, ते कुणाच्या लक्षात येत नाही एवढंच.

फीडचं नारिंगी चिन्ह दिसलं नाही तरी ब्लॉगचा नुसता पत्ता रीडरला द्या, बहुतेक वेळा तो फीड स्वतःच हुडकतो. नाहीच जमलं आणि ब्लॉग वर्डप्रेसवर असेल, तर पत्त्यापुढे तिरपी रेघ मारून इंग्रजीत 'फीड' लिहून बघा.

एक चूक मात्र मी केली होती. हौसेनं तीन बातम्यांच्या साइट्स जोडल्या. संध्याकाळपर्यंत न वाचलेल्यांचा आकडा चारशेवर गेला आणि त्या गर्दीत झाकणवाला पार बुडाला. त्या साइट्स त्याच रात्री काढून टाकल्या. आता 'क्वचित' नावाचं एक फोल्डर केलंय, सकाळी आधी तेच उघडते.

टाइपरायटरवाल्या बाईंनी शेवटचा लेख लिहिला होता तो एका यंत्राची 'ई'ची कळ अडकते म्हणून. त्यानंतर दीड वर्ष रीडरमध्ये त्यांच्या नावापुढे शून्य. गेल्या महिन्यात ते नाव अचानक ठळक झालं. लेख एका ओळीचा होता: अजून अडकतेय.